आवड मुलांची, सोबत आपली

पेठ तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मी सहावी-सातवीला शिकवतो. काही वर्षांपूर्वी शाळा उघडताच मी फळ्यावर लिहिलं, ‘तुमच्या आवडीचा प्रकल्प’. “काहीही निवडा,” म्हणालो आणि मोकळा झालो. मुलं माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. आठवड्याने वह्या आल्या, तर निम्म्या वर्गाला सूर्यमाला आवडत होती आणि निम्म्याला ज्वालामुखी. सरांना काय आवडेल, तेच त्यांनी निवडलं होतं.

एकच मुलगा वेगळा. आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून राब भाजतात आणि पावसाच्या तोंडावर त्या जागेत नागलीचं बी टाकतात. त्याने विचारलं, “न भाजलेल्या जागेत टाकलं तर?” वडिलांकडून मूठभर बी मागून त्याने घरामागे दोन वाफे केले. कुठे तण किती उगवलं, ते रोज मोजून लिहू लागला. मी शाबासकी दिली, पण वही उघडून पाहिली नाही. पुढे प्रदर्शन आलं. मातीचे दोन वाफे टेबलावर कसे मांडणार, म्हणून मी त्याला थर्माकोलचा ज्वालामुखी करायला लावला. त्याने पाठ केलेली माहिती न चुकता म्हटली आणि बक्षीस मिळवलं. त्यानंतर त्या मुलाने मला कधी प्रश्न विचारला नाही. त्याच्या वाफ्यांचं काय झालं, हे मीही विचारलं नाही. ही चूक माझी.

अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धत मांडली. तिचा गाभा होता मुलाने मनापासून हाती घेतलेलं, हेतू असलेलं काम. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं जिथे होती, तिथे शाळाच गेली. मी मात्र वाफ्यापाशी उभ्या असलेल्या मुलाला टेबलापाशी ओढून आणलं होतं.

म्हणून नव्याने आवडीचे प्रकल्प करू पाहणाऱ्या शिक्षकांना काही गोष्टी सांगतो.

आवड एका तासात विचारून कळत नाही. मधल्या सुट्टीत मुलं काय बोलतात ते ऐका. खेकडे, रानभाज्या, संबळ, बोहाड्याचे मुखवटे, सगळं तिथे असतं.

मग प्रश्न बारीक करायला मदत करा. एका मुलीने ‘पाऊस’ हा विषय आणला. पेठेत पाऊस धो धो पडतो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन वणवण फिरतात, हे ती रोज बघत होती. बोलता बोलता प्रश्न ठरला: आमच्या पत्र्यावरून तासाभरात किती हंडे पाणी पडतं? हे तिला एकटीला मोजता येत होतं. प्रश्न मात्र मुलाच्याच तोंडून निघू द्या. रानातली अळंबी किंवा ओढ्याचं पाणी असा विषय असेल, तर जाणतं माणूस सोबत हवंच, आणि अनोळखी काही चाखायचं नाही, हे आधीच ठरवा.

वेळ गावाच्या कामांकडे बघून आखा. लावणीच्या दिवसांत मुलं शेतात असतात. दिवाळीनंतर अनेक घरं दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. त्याआधी सहा आठवड्यांत संपेल एवढंच काम घ्या. वही मुलाकडेच राहू द्या, म्हणजे गाव सुटलं तरी काम सुटत नाही.

दर शुक्रवारी प्रत्येकाला पाच मिनिटं द्या. काय पाहिलं, कुठे अडलं, पुढे काय करणार, एवढंच विचारा. मुलाने आपल्या बोलीत ‘आवण’ लिहिलं असेल तर ते खोडून ‘रोपे’ करू नका. निष्कर्ष चुकला, तरी तो लगेच दुरुस्त न करता पुन्हा मोजायला सांगा.

शेवटी मांडणी करायची ती जाणत्यांसमोर. आता आमच्या वर्गात आई-वडील, आज्या येऊन बसतात. राब का भाजतात, हे त्यांना ठाऊक असतं: तणाचं बी जळतं, राखेचं खत मिळतं. म्हणून त्यांचे प्रश्न परीक्षकांपेक्षा नेमके असतात.

शिक्षकमित्रांनो, मुलाने वही पुढे केली की ती उघडा. सुंदर मांडणीची घाई नको. त्याचे वाफे बघायला एकदा त्याच्या घरी जा.