मुक्तीचा दिवस : गॅल्व्हेस्टन ते परसवाडा

गुलामगिरी संपल्याचा सण कोठे पाळतात, असे विचारले तर आपण अमेरिकेकडे बोट दाखवतो. बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त ठरवणारा अध्यक्ष लिंकन यांचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला. टेक्सासमध्ये मात्र तो पोहोचला १९ जून १८६५ रोजी, जेव्हा जनरल ग्रेंजर याने गॅल्व्हेस्टन बंदरात येऊन तसा हुकूम काढला. मधली अडीच वर्षे मालकांनी काम करून घेतलेच! पुढील वर्षापासून तेथील मुक्त लोक हा दिवस साजरा करू लागले. त्या हुकमाचे वाचन, प्रार्थना, सहभोजन आणि लाल रंगाची सरबते हा त्याचा थाट. ह्यूस्टनच्या मुक्त लोकांनी १८७२ साली वर्गणी काढून या सणासाठी दहा एकर जागा विकत घेतली. २०२१ पासून ती साऱ्या देशाची सुटी आहे.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला, हे आपण शाळेत शिकतो. पण आपल्या देशात असा दिवस कोणता?

१८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामगिरीला न्यायालयाचा आधार उरला नाही. परंतु साखळी गेली आणि कर्जाची दोरी राहिली. संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीस मनाई केली. तरी कर्जाने बांधलेल्या मजुरांची सुटका करणारा स्वतंत्र कायदा २५ ऑक्टोबर १९७५ पासून वटहुकमाने आला आणि ९ फेब्रुवारी १९७६ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातील कलम ४ ने प्रत्येक वेठबिगार मुक्त झाला. कलम ६ ने त्याचे कर्जच नष्ट झाले. कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १५ ने सावकारावर टाकली. या पद्धतीची देशभरातील तीसेक नावे कायद्यात दिली आहेत. त्यांत एक 'जीथा' आहे. आपल्या कन्नड मित्रांना हा 'जीत' शब्द चांगला ठाऊक आहे. मराठीत जीत म्हणजे विजय, कन्नडमध्ये जीत म्हणजे बांधलेली चाकरी!

हे सारे मी पुस्तकातूनच वाचले असते. पण माझे आजोळ मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, परसवाड्यास आहे. गेल्या उन्हाळ्यात तेथे गेलो असता आजोबांना सहज या कायद्याविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाळा, मी त्यातलाच."

१९६६ साली लग्नासाठी त्यांनी एका मोठ्या शेतकऱ्याकडून तीनशे रुपये उचलले आणि त्याच्या धानाच्या शेतात राबू लागले. दर अक्षय तृतीयेला हिशेब होई. दर वर्षी बाकी वाढलेलीच असे. आजोबांना अक्षरओळख नव्हती. कायदा झाल्यावरही ते राबतच होते. १९७७ साली गावातल्या एका शिक्षकाने सांगितले, तेव्हा ते सुटले. "कायदा दिल्लीहून पायी आला," ते हसून म्हणाले.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. रात्री वहीवर खाते मांडले. रोजी दीड रुपया आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर मजुरी साडेचारशे रुपये होते. धान्यापोटी निम्मी वजा केली, तरी सव्वादोनशे उरतात. बारा टक्के व्याज धरूनही ते कर्ज दुसऱ्याच वर्षी फिटते. आजोबा मात्र अकरा वर्षे राबले! सकाळी मी त्यांना तो आकडा वाचून दाखवला. ते एवढेच म्हणाले, "तेव्हा घरात वाचणारा कोणी नव्हता."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कायदा होणे आणि तो ज्याच्यासाठी झाला त्याच्या कानी पडणे, यांत टेक्सासमध्ये अडीच वर्षे गेली आणि परसवाड्यासही जवळजवळ तेवढीच. म्हणूनच अमेरिकेत त्या दिवशी आधी हुकूम वाचतात आणि मग जेवतात, असे मला वाटते.

९ फेब्रुवारी हा दिवस आपल्याकडे काही ठिकाणी वेठबिगारी निर्मूलन दिन म्हणून पाळतात. पण त्याला ना सुटी, ना मिठाई. माझी प्राध्यापकांना व मित्रांना नम्र सूचना आहे : यंदा त्या दिवशी आपल्या महाविद्यालयात कलम ४ आणि कलम ६ मोठ्याने वाचावीत. मराठीत मी वाचीन. कन्नडमध्ये कोण वाचणार?

— द्वितीय वर्ष, वाणिज्य