परतीचा प्रवास

१९३९ सालच्या जून महिन्यात तेहतीस वर्षांचे एक जर्मन धर्मोपदेशक न्यूयॉर्क बंदरात उतरले. त्यांचे नाव डीट्रिख बोनहोफर. युरोपात महायुद्ध उंबरठ्याशी येऊन ठेपले होते. अमेरिकेतील स्नेह्यांनी त्यांच्यासाठी कामाची व निवासाची तजवीज केली होती. येथे राहिले असते, तर जिवाला धोका नव्हता.

मुलांनो, त्यांना धोका कोणापासून होता, ते आधी पाहू. बोनहोफर यांचा जन्म १९०६ साली झाला. वडील मनोविकारांचे नामवंत वैद्य. मुलाने धर्मशास्त्राचा मार्ग धरला व एकविसाव्या वर्षी बर्लिन विद्यापीठाला प्रबंध सादर केला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंचा छळ सुरू झाला. प्रॉटेस्टंट चर्चमधील पुष्कळांनी त्याच्यापुढे मान तुकवली. पीडितांची नुसती शुश्रूषा करून चर्चची सुटका होत नाही, वेळ पडल्यास अन्यायालाच अडवले पाहिजे, असे बोनहोफर यांनी त्याच वर्षी लिहिले.

अहिंसक प्रतिकार जवळून पाहावा, म्हणून त्यांनी गांधीजींना पत्र धाडले. १ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून उत्तर दिले : अवश्य या, मी तुरुंगाबाहेर असलो, तर माझ्याजवळच राहता येईल. परंतु जर्मनीत तरुण धर्मोपदेशकांना शिकवण्याचे काम अंगावर आले आणि ही भेट राहूनच गेली. पुढे १९३७ मध्ये गुप्त पोलिसांनी ती पाठशाळाही बंद पाडली.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचे चित्त रमेना. संकटकाळी देशबांधवांबरोबर राहिलो नाही, तर युद्धानंतर देशाच्या उभारणीत भाग घेण्याचा मला अधिकार उरणार नाही, असे त्यांनी कळवले. आणि जेमतेम चार आठवड्यांत ते परत निघाले.

मायदेशी ते हिटलरविरुद्धच्या गुप्त कटात सामील झाले. गांधीजींकडे येऊ इच्छिणाऱ्या मनुष्याने हा मार्ग धरावा, याचे नवल वाटते. त्यांनी स्वतःही तो निर्दोष मानला नाही. दोषाचा भार मात्र माथी घेतला.

५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. दोनच आठवड्यांनी अमेरिकन सैन्य तेथे पोहोचले.

तुरुंगातून त्यांनी मित्राला लिहिलेली कित्येक पत्रे पहाऱ्यावरच्या शिपायांनी गुपचूप बाहेर पोहोचवली होती. मित्र एबरहार्ड बेथगे यांनी ती जपली व १९५१ मध्ये प्रसिद्ध केली.