पहिले रेडिओ-विमान कसे निवडावे?

रेडिओ-नियंत्रित विमान केवळ रूपावर भाळून घेऊ नये. लढाऊ विमानाची प्रतिकृती वेगवान असते. नवशिक्याच्या हातून ती लवकर कोसळते आणि पैशांबरोबर उमेदही जाते.

पंख धडाच्या वर बसवलेले व टोकांकडे किंचित उचललेले असावेत. असे विमान कलले तरी बहुधा आपोआप सावरते. धड चिवट फोमचे, मोटार बॅटरीवरची असावी. डावे-उजवे, वर-खाली व वेग, ही ३ नियंत्रणे सुरुवातीला पुरेत.

आपल्या खानदेशात पऱ्हाटी उपटून वखरलेले मोकळे शेत व वारा पडलेली सकाळ उत्तम. भुसभुशीत मातीत मोडतोड कमी होते. ड्रोन नियम, २०२१ वाचावेत. जळगाव विमानतळ व धुळ्याची गोंदूर धावपट्टी यांपासून दूरच राहावे.