रंग निवडताना शेजारी बघा



या वेळी रंगांविषयी बोलू. आधी माझी चूक सांगते. गेल्या वर्षी एका गटाच्या लसूण चटणीसाठी लेबल करायचं होतं. चटणी लाल, म्हणून मीच सुचवलं, लेबल हिरवंगार ठेवू आणि त्यावर अक्षरं लाल. मोबाइलवर झकास दिसत होतं. पाचशे स्टिकर छापले, पैसे गटाच्या खात्यातून गेले. प्रदर्शनात बरण्या मांडल्या तेव्हा कळलं की चार पावलांवरून नाव वाचताच येत नाही. गिऱ्हाईक बरणी उचलायचं, डोळ्यांजवळ न्यायचं आणि परत ठेवून द्यायचं. ताई मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

चुकलं कुठे? लाल आणि हिरवा वेगळे आहेत खरे, पण मी घेतलेले दोन्ही सारखेच गडद होते. अक्षर वाचायला डोळ्याला फिकट-गडद असा फरक लागतो, नुसता रंग वेगळा असून भागत नाही. शिवाय काही जणांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक जन्मापासूनच नीट कळत नाही. म्हणून छापण्याआधी नमुन्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. अक्षरं मागच्या रंगात विरघळली, तर रंग बदला. मोबाइल नसेल तर डोळे किलकिले करून लांबून बघा, तेवढ्यानंही कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हिरव्या साडीला लाल काठ तर किती शोभतो! शोभतोच. पण तिथे अंग सगळं हिरवं असतं आणि लाल फक्त काठापुरता. त्यात मध्ये जरीची रेघ असेल तर ती दोघांना वेगळं ठेवते. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा या समोरासमोरच्या जोड्या. त्या एकमेकींना उठाव देतात, पण निम्म्या-निम्म्या घेतल्या की डोळ्यांना टोचतात. एकीला अंग द्या, दुसरीला काठ. मध्ये पांढरी किंवा काळी पट्टी टाका. पिशवी असो की गोधडी, हा हिशेब चालतो.

एक गंमत करून बघा. लाल कापडाचा तुकडा पांढऱ्या भिंतीवर धरा आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे टक लावून बघा. मग कापड काढा, नजर भिंतीवरच ठेवा. तिथे हिरवट-निळसर डाग दिसेल. डोळा लाल रंगाला थकला की उलटा रंग दाखवतो. करड्या रंगाचं ठिगळही लाल कापडावर हिरवट वाटतं आणि पिवळ्यावर निळसर. ठिगळ तेच, शेजार बदललेला.

हे लक्षात आणून दिलं पॅरिसच्या शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं. गोबेलँ इथल्या गालिचे आणि चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात ते रंगाई खात्याचे प्रमुख होते. काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार आली. त्यांनी धागा तपासला, तर रंग पक्का निघाला. शेजारी निळे-जांभळे धागे होते, त्यांच्यामुळे काळा फिका वाटत होता. यावर त्यांनी 1839 साली मोठं पुस्तक काढलं. म्हणून गोधडीत एखादं ठिगळ मळकट दिसलं तर लगेच उसवू नका. आधी शेजारचं बदलून बघा. ठिगळं शिवण्याआधी नुसती अंथरून, उभं राहून बघायची सवय ठेवा. (आणि लाल कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग सुटला, तर आधी धुवून घ्या.)

उजेडाचं तर तुम्हाला मी काय सांगणार! दुकानात साडी आवडली की आपण ती दारात, उन्हात नेऊन बघतोच. मालाचे रंग ठरवताना मात्र ते विसरतो. रात्री ट्यूबखाली निवडलेले धागे सकाळी परत बघा. माल जिथे मांडणार, तिथे दिवा कसला आहे तेही विचारून घ्या. पिवळ्या दिव्याखाली निळा मंदावतो आणि लाल-नारिंगी खुलतात.

त्या चटणीचं नवं लेबल फिकट पिवळ्यावर काळ्या अक्षरांचं केलंय, लाल फक्त कोपऱ्यातल्या मिरचीला. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या पाच चिंध्या आणा, त्यातली एक पांढरी किंवा काळी असू द्या. आणि ज्यांचं लेबल छापायचं राहिलंय, त्या ताईंनी छापखान्यात जाण्याआधी नमुना घेऊन या.