पावर स्टिअरिंग ऑइलचं लीकेज: आधी जागा शोधा, मग पार्ट बदला

या आठवड्याच्या व्हिडिओत पावर स्टिअरिंगचं लीकेज कसं शोधायचं ते दाखवलंय. पण गाडीखाली शिरल्यावर व्हिडिओ मागे-पुढे करायला जमत नाही, म्हणून तेच इथे क्रमाने लिहून देतोय. तुम्ही गॅरेज चालवत असाल किंवा धंद्यासाठी स्वतःची पिकअप ठेवली असेल, दोघांच्याही कामाचं आहे.

आधी माझी चूक सांगतो. दुकान सुरू करून वर्षही झालं नव्हतं. भाजीची पिकअप चालवणारे एक दादा आले. म्हणाले, "स्टिअरिंग जड झालंय, खाली ऑइल पडतंय." बीबीए करून नुकताच बाहेर पडलेलो, विकायचा उत्साह दांडगा. बॉनेट नीट न बघताच म्हटलं, "पंप गेला." पंप विकला, बसवूनही दिला. चार दिवसांनी दादा परत, गळती जशीच्या तशी! आमच्या पोराने बॅटरी मारून बघितलं, तर रिटर्न पाइपची क्लिप ढिली. चहा-नाश्त्याच्या पैशातलं काम. पंपाचे पैसे मी परत केले, पण दादा पुन्हा दुकानाची पायरी चढले नाहीत. आजचा धडा तिथून आलाय.

१. गाडीत हे ऑइल आहे का?
स्विफ्टसारख्या बऱ्याच छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं. तिथे मोटर काम करते, ऑइल नसतंच. बोलेरो, जुनी इनोव्हा, पावर स्टिअरिंगवाली इंडिका अशा गाड्यांत हायड्रॉलिक असतं. बॉनेट उघडा, झाकणावर स्टिअरिंगचं चिन्ह असलेला डबा शोधा.

२. लेव्हल बघा
गाडी सपाट जागी, इंजिन बंद. डब्यावर गरम आणि थंडच्या वेगळ्या खुणा असतील तर त्याप्रमाणे वाचा. लक्षात ठेवा, हे ऑइल जळून संपत नाही. लेव्हल उतरली म्हणजे ते कुठूनतरी बाहेर जातंय. ऑइलला फेस दिसला तर आत हवा शिरतेय. लेव्हल खूप खाली गेली असेल किंवा डब्यातून पंपाकडे जाणाऱ्या पाइपचा जोड ढिला असेल, तर असं होतं. स्टिअरिंग वळवताना येणारा घुर्र आवाजही बऱ्याचदा यामुळेच.

३. डाग कशाचा?
रात्री इंजिनखाली स्वच्छ पुठ्ठा टाका. लालसर किंवा पिवळसर, बोटाला बुळबुळीत लागलं तर पावर स्टिअरिंगचा संशय. जुनं झालं की तपकिरी होतं. काळं दाट असेल तर बहुतेक इंजिन ऑइल, हिरवं-गुलाबी पाण्यासारखं असेल तर कूलंट, नुसतं पाणी असेल तर एसीचं. एक फसगत मात्र होते: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइलही लाल असतं. म्हणून रंगासोबत डब्याची लेव्हल उतरलीय का, ते जुळवून बघाच.

४. पुसा, मग चालवा
थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. ऑइल ओघळतं, वाऱ्याने मागे जातं. सगळे पाइप, पंप, रॅक पुसून कोरडे करा. इंजिन चालू करून सोबत्याला स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगा. शेवटच्या टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, पंप तापतो. तुम्ही बॅटरी मारा आणि सगळ्यात वरची ओली जागा शोधा. गळती तिथेच किंवा तिच्या अगदी जवळ असते.

इथे जीव सांभाळा. टायरमध्ये साधारण 30-35 पीएसआय हवा असते, या प्रेशर पाइपात फुल लॉकला 1000 पीएसआयच्या वर दाब जातो. सुईएवढ्या भोकातली धार कातडीत घुसू शकते, म्हणून हाताने चाचपू नका, पुठ्ठा पुढे धरा. धार लागलीच तर जखम लहान दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. पंखा-बेल्टपासून बाह्या दूर ठेवा. आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, घोडी लावा.

५. या क्रमाने तपासा
- डबा आणि रिटर्न पाइप: क्लिप ढिली, रबर तडकलेलं. सगळ्यात स्वस्त, म्हणून सगळ्यात आधी.
- प्रेशर पाइप: रबर आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलीय ती जागा, आणि जोडाचे वॉशर.
- पंप: पुलीमागे ओलं, बेल्टवर ऑइल उडालेलं दिसलं तर शाफ्टचं सील.
- रॅक: दोन्ही बाजूंची रबरी बुटं इंजिन बंद करून दाबा. आत ऑइल खळखळलं तर रॅकचं सील गेलंय. मोठा खर्च हाच.

६. टॉप-अप म्हणजे दुरुस्ती नाही
झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच ऑइल घाला. ब्रेक ऑइल चुकूनही नको, त्याने सील खराब होतात. नुसतं भरत राहिलात आणि एक दिवस ऑइल संपलं, तर स्टिअरिंग लॉक होत नाही, पण एकदम जड होतं. भरलेली गाडी घाटातल्या वळणावर असेल तर? शिवाय कोरडा चालून पंप जातो तो वेगळाच. गरम सायलेन्सरवर थेंब पडत असतील तर आगीचीही भीती.

७. ग्राहकाला दाखवा
गळतीचा फोटो काढा, ग्राहकाला बोलावून ओली जागा दाखवा, मगच खर्च सांगा. क्लिपचं काम असेल तर क्लिपचेच पैसे घ्या. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल, पण तोच माणूस पुढच्या वेळी क्लचच्या कामाला तुमच्याकडेच येईल.

या आठवड्याचा गृहपाठ: पुढची "स्टिअरिंग जड झालंय" अशी गाडी आली की पार्टचं नाव तोंडातून काढण्याआधी पहिल्या पाच पायऱ्या पूर्ण करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!