आमदारकी आणि चरितार्थ

लालबागच्या चाळीत वाढलेल्या आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावत्या फाडता फाडता ज्याला शाखेतील गटप्रमुख, शाखाप्रमुख, पुढे नगरसेवक अशी चढती श्रेणी खुणावू लागली आहे, अशा मुलाने किंवा मुलीने ‘मला आमदार व्हायचे आहे’ असे घरी जाहीर केले म्हणजे आईवडिलांची झोप उडावी, यात नवल नाही. 5 जून 1970 रोजी याच लालबागेत परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार म्हणून निवडून आले. ही हकीगत ज्या घरांतून अजून सांगितली जाते, तेथील पालकांची धास्ती अनाठायी ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि ज्या संकटाची शक्यता सर्वांत अधिक आणि ज्याचा विचार सर्वांत कमी केला जातो, ते संकट पराभवाचे होय.

कायद्याने मागितलेली पात्रता अगदी माफक आहे. विधानसभेसाठी वयाची 25 वर्षे पूर्ण हवीत, विधान परिषदेसाठी 30. राज्यातील कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. शिक्षणाची अट नाही. विधानसभेच्या उमेदवाराची अनामत रक्कम 10,000 रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिच्या निम्मी भरावी लागते, आणि एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास, निवडून न आलेल्या उमेदवाराची ती जप्त होते. परीक्षा नाही, गुणवत्तायादी नाही, बढतीचा नियम नाही. विधानसभेच्या 288 जागांची मुदत पाच वर्षांची, आणि तीही मध्येच सभागृह विसर्जित न झाल्यास. म्हणून पालकांनी मुलाला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की निवडणूक हरल्यानंतरच्या महिन्यात घरभाडे कोठून येणार?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी होते, त्यांनीच सभागृहात ताठ मानेने काम केले, असे आमचे मत आहे. 1937 च्या निवडणुकीत भायखळा-परळ या मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात निवडून आले, त्या सुमारास ते बॅरिस्टर म्हणून वकिली करीत होते आणि सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी खोती, म्हणजे खोतामार्फत कुळांकडून जमीनमहसूल वसुलीची पद्धत, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. मतदार गिरणगावचे आणि विधेयक कोकणातील जमिनीचे, ही विसंगती वरवरची आहे. कारण गिरणीत साचा चालविणाऱ्या चाकरमान्याचे आईबाप रत्नागिरीकडे खोताच्या जमिनीवर राबत होते, आणि पगारातून धाडलेल्या मनीऑर्डरीचा काही भाग खोताच्या घरी पोहोचत होता. विरोधी बाकावरून आणलेले ते विधेयक मंजूर झाले नाही. पुढच्याच वर्षी औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध 7 नोव्हेंबरला त्यांच्या पुढाकाराने कामगारांनी संप केला, तरी सरकारने ते रेटून नेलेच. खोतीच्या उच्चाटनाचा कायदा 1949 साली झाला. आमदाराच्या श्रमाचे फळ त्याच्या मुदतीत पदरात पडतेच असे नाही. पगारवाढीच्या हिशेबाने जगणाऱ्या घरांना हे समजणे जड जाते, पण समजून घ्यावे.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांचे उदाहरण निराळ्या कारणासाठी द्यावेसे वाटते. 1962 पासून ते एकाच मतदारसंघातून अकरा वेळा विधानसभेत गेले, हे सर्वश्रुत आहे. 1972 आणि 1995 साली ते हरले, हे सहसा कोणी सांगत नाही. दोन्ही वेळा ते पुन्हा त्याच मतदारांपुढे उभे राहिले आणि जिंकले. कायद्याचे शिक्षण आणि तालुक्यातील सहकारी संस्थांचे काम त्यांच्या पाठीशी होते.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप पाहू गेल्यास, फटाक्यांची माळ लागते तो दिवस एकच; बाकीचे दिवस कागदांचे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक ही आमदाराची आयुधे, आणि ती चालविण्यास मसुदा लिहिता यावा लागतो, अर्थसंकल्पाची पुस्तके वाचता यावी लागतात, मंत्र्याच्या मोघम उत्तरातून उपप्रश्न काढता यावा लागतो. आमच्याकडे होतकरू कार्यकर्ता भाषणाचा सराव करतो, मसुद्याचा करीत नाही! सकाळी दारात जमणारी गर्दी शाळाप्रवेश, रुग्णालयातील खाट, रेशनकार्ड असल्या अर्जांची असते. तिला नाही म्हणता येत नाही आणि तिच्यातच गुंतून पडल्यास सभागृहातील काम राहून जाते.

तेव्हा सल्ला असा. पदवी विधी, अर्थशास्त्र किंवा लेखापालन यांपैकी कशाचीही घ्यावी, परंतु जिच्यावर पोट भरेल अशी घ्यावी. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संसदीय अभ्यासवर्ग भरतो, त्याची चौकशी महाविद्यालयात करावी. एखाद्या आमदाराच्या स्वीय सहायकाच्या हाताखाली वर्षभर टपाल नोंदविण्याचे काम मिळाल्यास ते कमी प्रतीचे मानू नये. आणि तोवर, आपल्याच उपकरप्राप्त चाळीच्या दुरुस्तीचा कागद म्हाडाच्या इमारत दुरुस्ती मंडळात कोणत्या टेबलावर अडला आहे, त्याला कोणते कलम आडवे येते आणि ते कलम बदलायचे झाल्यास दुरुस्तीचे शब्द काय असावेत, हे मुलाने स्वतः शोधून एका पानावर लिहून वडिलांना दाखवावे. वडिलांनी ते वाचूनच मग होकार-नकाराचे बोलावे.