उघडझाप दिव्यांची कैफियत

ज्या गाडीचे पुढचे दिवे दिवसा बॉनेटच्या पत्र्यात निजलेले असतात आणि बटण दाबताच वर उठतात, अशी एखादी जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी ज्यांच्या दारात उभी असेल, त्यांच्या उपयोगासाठी हे लिहीत आहे. आणि ज्या कारागिराने माझ्या गाडीच्या वायरिंगचे मातेरे केले, वर चार गिऱ्हाइकांदेखत माझा पाणउतारा केला, त्याच्याविषयी मनात जे साचले आहे तेही या निमित्ताने बाहेर पडेल, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

गाडी माझदा एमएक्स-५, पहिल्या पिढीची. धाकट्या भावाने इंग्लंडहून परतताना आणलेली, म्हणून सुकाणू उजवीकडे. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम लोकांसमोर आली आणि १९९८ साली निघालेल्या तिच्या पुढच्या पिढीत हे उठते दिवे कायमचे गेले. टोयोटाने १९६७ च्या २०००जीटीपासून हीच रचना वापरली, पुढे माझदाची आरएक्स-७, टोयोटाची एमआर२, निस्सानची १८०एसएक्स अशा कितीतरी गाड्यांवर ती आली. कारण नाक बुटके ठेवायचे आणि दिवा मात्र कायद्याने ठरविलेल्या उंचीवर हवा, या दोन परस्परविरोधी मागण्यांची तडजोड तीत होती. तेव्हा आज अशी जवळजवळ कोणतीही गाडी निदान पंचवीस-तीस वर्षांची झालेली आहे, आणि तिच्या तारा, सांधे, ग्रीस यांचे वयही तितकेच आहे, हे विसरून कोणी तिला हात लावू नये.

माझ्या गाडीचा डावा दिवा उठताना अर्ध्यावर थांबू लागला. उजवा नीट उठे. इंजिन चालू असले की डावाही कधीकधी पूर्ण वर जाई. पण दिवे लागलेले असताना तो उचलू पाहिला की मध्येच अडखळे, आणि त्या क्षणी डाव्या दिव्याचे तेज मंदावलेले समोरच्या भिंतीवर स्पष्ट दिसे. ज्याने आयुष्यभर मुलांना ओहमचा नियम शिकवला, त्याला एवढ्या लक्षणांवरून संशय कुठे घ्यायचा हे कळायला उस्तादाची गरज नसते. बॅटरीपासून निघालेला प्रवाह मोटरपर्यंत पोहोचतो आणि गाडीच्या पत्र्यातून परत येतो. ही परतीची वाट, म्हणजे कारागीर ज्याला बॉडी अर्थ म्हणतात ती, गंजलेली असेल तर मोटर आणि दिवा दोघेही उपाशी राहतात. परंतु बॉनेटखाली वाकून काम करण्याचे माझे वय राहिलेले नाही, म्हणून मी गाडी हैदराबादेतच मुसी नदीपलीकडच्या एका वर्कशॉपात नेली आणि डाव्या दिव्याशेजारचा तो बोल्ट बोट लावून दाखवला.

उस्तादाने बोल्टाकडे पाहिलेही नाही. त्याने कनेक्टर सोडवला, मीटरच्या सुया टेकवल्या, आकडा माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, बारा वोल्ट पूरा आरा. मोटरीच गई." मी म्हटले, कनेक्टर जोडलेला राहू द्या, मोटर चालत असताना मोजा. यावर तो माझ्याशी बोलेना, बाकावर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळून हसत म्हणाला, "किताबां की बातां करती मॅडम." आणि मग मला, "घर से किसी जेंट्स को भेजो, समझा देतूं." हे वाक्य मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. अडाणीपणाचा मला राग नाही, पस्तीस मुलांच्या वर्गात तो रोज भेटे; शिकायचेच नाही असा निर्धार करून वर दुसऱ्याला मूर्ख ठरवणे, ही गोष्ट निराळी.

गाडी परत मिळाली तेव्हा पावतीच्या चिठोऱ्यावर 'मोटर रिवाइंड' असे लिहून भरभक्कम रक्कम मांडलेली होती. शिवाय मला न विचारता ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९० चे बसवले होते, आणि डॅशबोर्डखाली एक उघडा खटका लोंबत होता, ज्यातून बारीकशी तार थेट डाव्या मोटरला नेलेली होती. त्या तारेला फ्यूज नव्हता. दिवा कुठे थांबायचा हे ठरवणारी तार त्याने कापून टेप गुंडाळून सोडून दिली होती.

बीदरहून परतताना जहीराबादच्या अलीकडे अंधार पडला. खटका दाबला, डावा दिवा अर्ध्यावर अडला, अडलेली मोटर प्रवाह ओढत राहिली आणि थोड्याच वेळात पायापाशी जळक्या रबराचा वास आला. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बॅटरीची तार सोडवली म्हणून तेवढ्यावर निभावले. मुंबई-हैदराबाद हमरस्त्यावर रात्रीच्या ट्रकांच्या रांगेत, दिव्यावाचून, धूर येणाऱ्या गाडीशेजारी उभे राहण्याचा प्रसंग ज्या माणसामुळे येतो, त्याला क्षमा करण्याइतके औदार्य माझ्याजवळ नाही.

पुढचे काम सुलतान बाजारात आमच्या वाड्याच्या चौकातच झाले. येथे एक सोय मोठी: गुजराती गल्लीत मीटर मिळतो, ट्रूप बाजारात तारेच्या टोकाला बसवायचे, कथिलाचा मुलामा दिलेले तांब्याचे लग आणि हव्या त्या जाडीची तार मिळते, आणि दोन्ही ठिकाणे पायी चालण्याच्या अंतरावर. प्रथम ती कापलेली तार मूळच्या जागी जोडून घेतली. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी मोटरच्या अर्थच्या तारेवर धरली. भाचा आत बसला होता. "आत्या, दाबू?" त्याने दाबले. दिवा उठू लागला, अडखळला, आणि मीटरचा आकडा शून्याजवळून चढत चढत चारच्या घरात जाऊन थांबला. जिथे एक दशांश-दोन दशांश व्होल्टपेक्षा अधिक असता कामा नये, तिथे चार व्होल्ट वाटेतच खर्ची पडत होते आणि मोटरच्या वाट्याला आठच येत होते. बोल्ट उघडला. लगच्या खाली पत्र्यावर रंगाचा जाड थर होता, पूर्वी कोणी तरी डाव्या मडगार्डाला रंग देताना तो तसाच ठेवून वर बोल्ट आवळलेला, आणि लगच्या कडेला हिरवी भुकटी जमलेली. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवा लग दाबून बसवला, बोल्ट आवळला, त्यावर ग्रीस लावले. दिवा एका दमात वर गेला.

तरीही मोटर उघडून पाहिली, कारण पावती माझ्याजवळ होती. झाकणाच्या स्क्रूंवर वर्षानुवर्षांची तेलकट धूळ अभंग होती, त्यांच्या खाचांत पेचकस शिरल्याची एक खूण नव्हती, आणि आतली रबरी कड कारखान्यात बसवली तशीच चिकटलेली. रिवाइंड दूरच, ती मोटर कोणी उघडलेलीही नव्हती. झाकण आणि चिठोरा घेऊन मी उस्तादाकडे गेले. तो आधी म्हणाला ही ती मोटर नव्हे, मग म्हणाला काम आपल्या भावाने केले असेल, शेवटी, "पुरानी गाडी है मॅडम, रखतेच कायकू."

आता सूचना. दोन्ही दिवे हलत नसतील तर दोष सामायिक जागी शोधावा: तीस अँपिअरचा फ्यूज, रिले, बटण. एकच अडत असेल तर त्या बाजूचा अर्थ, कनेक्टर आणि मोटर, याच क्रमाने. दिवे न थांबता वरखाली होत राहिले तर मोटरच्या पोटातली तांब्याची चकती आणि तिच्यावर घासणाऱ्या पात्या पाहाव्या. मोटर बहुधा एकाच दिशेने फिरते, अर्ध्या फेऱ्यात दिवा वर, उरलेल्यात खाली, आणि चकतीतला खंड आला की प्रवाह तुटून ती थांबते. तीस वर्षांचे ग्रीस तिथे मेणासारखे घट्ट होते. ते पुसून काढावे, पात्या हलक्या हाताने घासाव्या, नवे ग्रीस पातळ लावावे.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून एक धागा शिल्लक राहिलेली तारही त्याला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते. भार असताना मोजावे. नाही तर बल्ब जोडलेला टेस्ट लॅम्प वापरावा, तो खोटी साक्ष देत नाही. अर्थची तार माझदात बहुधा काळी, टोयोटात पांढरीवर काळी रेघ.

अडलेला दिवा हाताने उचलायचा तर आधी फ्यूज काढावा आणि मगच मोटरवरच्या रबरी टोपीखालची घुंडी फिरवावी. फ्यूज जागेवर असताना तिथे बोट घालणे म्हणजे बोट गमावण्याची तयारी. अधिक वॅटचे बल्ब बसवू नयेत: साठ वॅटला पाच अँपिअर लागतात, शंभरला आठाहून अधिक, आणि जुना कनेक्टर तेवढ्याने वितळतो. पावसाळ्याआधी अर्थचे बोल्ट उघडून पाहावे. घाई करू नये. कारागीर पारखून घ्यावा, हे सगळेच सांगतात, पण कसा पारखावा ते मी सांगते: भार असताना मोजा म्हटल्यावर जो मोजतो तो ठेवावा, जो हसतो त्याच्याकडून किल्ली परत घ्यावी. तार कापण्याआधी प्रत्येक सांध्याचे छायाचित्र काढून ठेवावे, काढलेला प्रत्येक भाग ताब्यात मागावा, आणि पावतीवर कोणती मोटर, कोणत्या बाजूची, काय केले, हे त्याच्याच हस्ताक्षरात लिहवून घ्यावे.

माझ्या पावतीवरचे अक्षर त्याचेच आहे. रकमेचा लेखी तगादा मी पाठवला आहे, आणि उत्तर येईपर्यंत पाठवत राहणार आहे.